अनलिमिटेड पॅकनं खरंच पैसे वाचतात का? रिचार्ज मारण्याआधीचा हिशेब

बाजारच्या दिवशी दुपारी एक आजी दुकानात आली. पिशवीतून बटणाचा मोबाईल काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, इनकमिंग बी बंद व्हई गयं. माले नेट नको शे. सुरतनी आंडेरसंगे बोलनं शे फक्त." (आंडेर म्हणजे मुलगी.)

मागचं रिचार्ज पाहिलं तर २९९ चं होतं. रोजचं नेट, अनलिमिटेड कॉल, २८ दिवस. ज्या फोनवर टॉर्च आणि रेडिओ सोडून काही चालत नाही, त्यात महिनाभर रोज नेट येत होतं आणि रात्री बारा वाजता वाया जात होतं.

माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान पारोळ्याच्या बाजूला, सुरत-नागपूर हायवेला लागून आहे. "अनलिमिटेड परवडतं का?" हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी येतो. विचारणारी बहुतेक नवी मंडळी असतात. कुणी नुकतीच घरातल्या सगळ्यांच्या रिचार्जची जबाबदारी अंगावर घेतलेली असते, कुणी शिकायला जळगाव-धुळ्याला गेलेलं असतं, कुणी आईला पहिला मोबाईल घेऊन दिलेला असतो. त्यांना मी जे कागदावर मांडून दाखवतो, तेच इथे लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो: बोलण्यापुरतं अनलिमिटेड स्वस्तच पडतं. पैसे जातात ते त्या पॅकला चिकटून आलेल्या बाकीच्या गोष्टींत, आणि घरात विसरून गेलेल्या कार्डांत.

आधी थोडं मागचं

देशात मोबाईल सुरू झाला १९९५ मध्ये. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते मे २००३ पासून. त्यानंतरही आपल्या खान्देशात बोलणं जपूनच व्हायचं, कारण इथल्या घराघरातलं कुणी ना कुणी सुरतला, उधना-लिंबायतकडे. मोबाईल सेवेचे विभाग, म्हणजे सर्कल, वेगळे: सुरत पडतं गुजरात सर्कलमध्ये, आपण महाराष्ट्र सर्कलमध्ये. म्हणजे एसटीडीचा (बाहेरच्या सर्कलला लावलेल्या फोनचा) दर, आणि तिथून इकडे आलं की रोमिंग. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातमध्ये, तिथे मोबाईल कुठल्या राज्याचा टॉवर धरेल याचा नेम नसायचा. मिस कॉलची भाषा आपण त्याच काळात शिकलो. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू कर.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मिनिटाचा हिशेब संपला. आता एसटीडी नाही, देशात रोमिंग नाही. पडद्यामागे आणखी एक गोष्ट झाली. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर गेला की पहिलीनं दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायचे, असा नियम होता. तो दर १४ पैशांवरून ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैशांवर आला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. त्यामुळे आपण दहा मिनिटं बोललो काय नि दोन तास बोललो काय, कंपनीला त्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा 'अनलिमिटेड' हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. आपण जे भरतो ते नंबर चालू ठेवल्याचं भाडं आहे, आणि नेटचे पैसे.

पहिली पायरी: घरात कार्डं किती, ते लिहून काढा

नंबरांची यादी नको, कार्डांची करा. प्रत्येकापुढे कोणाचं, कुठल्या फोनमध्ये, कशासाठी आणि शेवटचं रिचार्ज कधी, एवढं लिहा. लिहायला बसलं की कार्डं वाढत जातात, हा माझा अनुभव. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी माणसं पाच, कार्डं निघाली सात. घरातल्या थोरल्यांचं म्हणजे जिभाऊंचं, मायचं, मुलाचं, सुनेचं, जळगावला होस्टेलवर असलेल्या नातवाचं. सहावं मुलाच्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत, "बँकेला जोडलेलं आहे म्हणून ठेवलंय". सातवं विहिरीवरची मोटार चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरमध्ये.

सातही कार्डांवर २९९ चा पॅक. मारणारा मीच. ते म्हणायचे "सगळ्यांचं मारून दे", मी मारून द्यायचो. आमचं कमिशन रकमेच्या टक्क्यावर असतं, तेव्हा दुकानदार स्वतःहून स्वस्तातला पॅक दाखवेल या भरवशावर राहू नका.

दुसरी पायरी: सात दिवस मोजा

मोजायचं ते फक्त आपण लावलेले फोन. आलेल्या फोनला आपले पैसे पडत नाहीत, त्यासाठी फक्त कार्ड चालू लागतं.

बटणाच्या बहुतेक फोनमध्ये कॉल लॉगच्या आत कॉल टायमर असतो. त्यात लावलेल्या कॉलचा एकूण वेळ आणि आलेल्या कॉलचा एकूण वेळ वेगवेगळा दिसतो. एका सकाळी तो शून्य करा, आठव्या सकाळी आकडा वाचा. स्मार्टफोनमध्ये हे इतकं सरळ नाही. कॉल लॉग उघडायचा, बाणाची दिशा पाहून बाहेर गेलेले कॉल निवडायचे आणि त्यांची मिनिटं बेरजेला घ्यायची. कंटाळवाणं काम आहे, शाळेत जाणाऱ्या पोराला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल यात धरायचे नाहीत, ते नेटच्या खात्यात जातात.

आठवडा साधा निवडा. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा), कानबाईच्या सणाचा किंवा घरात लग्न असलेला आठवडा मोजलात तर वर्षभराचा हिशेब फसतो. कानबाईला सुरतवाले गावी येणार म्हटल्यावर आठ दिवस आधीपासून फोन तापलेले असतात.

नेटचंही याच आठवड्यात पाहून घ्या. सेटिंगमध्ये डेटा वापर म्हणून जागा असते, तिथे किती जीबी गेलं ते दिसतं. कंपनीच्या ॲपमध्येही दिसतं.

तिसरी पायरी: पॅकची किंमत विसरा, दिवसाची काढा

रक्कम भागिले दिवस. या एका भागाकारानं अर्धे घोळ सुटतात.

खाली घेतलेले दर जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या बिननेटच्या पॅकचे आहेत. कंपन्या ते बदलत असतात, म्हणून त्या दिवशीचा दर पाहूनच भागाकार करा. पद्धत तीच राहते.

२९९ भागिले २८, म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे.
१९९ भागिले २८ (महिनाभरात मिळून २ जीबी नेट), दिवसाला ७ रुपये ११ पैसे.
३५९९ भागिले ३६५ (रोजच्या नेटचा वर्षाचा पॅक), दिवसाला ९ रुपये ८६ पैसे.
एअरटेलचा बिननेटचा १८४९ भागिले ३६५, दिवसाला ५ रुपये ७ पैसे.
जिओचा बिननेटचा १७४८ भागिले ३३६, दिवसाला ५ रुपये २० पैसे.

शेवटचे दोन पुन्हा वाचा. १७४८ हा आकडा १८४९ पेक्षा १०१ रुपयांनी कमी दिसतो, पण तो वर्षाचा नाही. ३३६ दिवसांचा, म्हणजे २८ चे बारा तुकडे आहे. दिवसाला तोच महाग पडतो. गिऱ्हाईक समोरची रक्कम बघतं, दिवस बघत नाही, आणि दर ठरवणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

आता मूळ प्रश्नाकडे. अनलिमिटेड नसतं तर काय पडलं असतं? जुन्या टॉकटाइमच्या पॅकांत सेकंदाला अडीच पैसे असा दर असायचा, म्हणजे मिनिटाला दीड रुपया. तोच धरू. बिननेटचा अनलिमिटेड पॅक दिवसाला साधारण पाच रुपयांना पडतो. पाच रुपयांत दीड रुपयानं साडेतीन मिनिटंही पुरती मिळाली नसती. तेव्हा रोज साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त फोन लावणाऱ्या कुणालाही अनलिमिटेड परवडतं. सुरतच्या मुलीशी "जेवलीस का" पासून सुरुवात झाली की साडेतीन मिनिटं तब्येतीतच संपतात.

त्यात टॉकटाइममधून जीएसटी आणि प्रोसेसिंग फीही कापली जाते. दहा रुपयांचं मारलं तर हातात ७ रुपये ४७ पैसेच येतात. ज्यांना वाटतं की आपण कमी बोलतो, दहा-दहा रुपये टाकून भागवू, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. शिवाय नुसत्या दहा रुपयांनी कार्डाची व्हॅलिडिटी वाढत नाही.

चौथी पायरी: नेट कोणाला लागतं ते ठरवा

पाच रुपये सात पैसे आणि दहा रुपये अडुसष्ट पैसे यातला जो फरक आहे, तो मुख्यतः नेटचा. म्हणून घरातल्या प्रत्येक कार्डापुढे एकच प्रश्न लिहायचा: या फोनवर नेट चालतं का, आणि चालत असेल तर वापरतं कोण?

बटणाच्या फोनला नेट नको, हे उघड आहे. तरी निम्म्या बटणाच्या फोनांवर नेटचा पॅक का असतो? कारण २०२४ संपेपर्यंत मोठ्या खासगी कंपन्यांकडे धड बिननेटचा पॅक नव्हताच. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम बदलला. प्रत्येक कंपनीनं फक्त कॉल आणि एसएमएसचा निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे, आणि असे खास पॅक ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत देता येतील, असं ठरलं. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक आले. वर्षाचे वर सांगितले, ८४ दिवसांचे म्हणजे जिओचा ४४८ आणि एअरटेलचा ४६९.

पण ते दिसत नाहीत. ॲप उघडलं की वर येतात ते रोजच्या नेटचे, सिनेमा-क्रिकेट दाखवणारे. बिननेटचा पॅक शोधायला खाली, आणखी खाली जावं लागतं. दुकानात आलात तर "फक्त कॉलिंगचा, नेट नको" असं तोंडानं सांगा. "छोटा मारा" म्हणू नका. छोटा म्हटलं की दुकानदार कमी दिवसांचा मारतो आणि तोच दिवसाला सगळ्यात महाग असतो.

घरी वायफाय असलेल्यांनीही हा पॅक पाहावा. दिवसभर घरातच असणाऱ्या माणसाला रोज दोन जीबी कशाला? मात्र तो माणूस बाजारात क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देणारा असेल तर बिननेटचा पॅक अडचण करेल. भाजीवाल्यासमोर उभं राहून शेजारच्याचं हॉटस्पॉट मागायची वेळ येते. त्याला १९९ सारखा, थोडं नेट असलेला पॅक बरा.

जिओ भारत नावाचा बटणाचाच पण ४जी फोन ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी १२३ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक वेगळा आहे. तो त्याच फोनवर चालतो, कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकून नाही. नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोडीला बारडोलीच्या बाजूला जाणाऱ्या मंडळींत हा फोन बराच दिसतो.

पाचवी पायरी: विहिरीवरचं कार्ड

यावर जरा थांबू, कारण शहरातल्या मार्गदर्शकांत हे कधी नसतं आणि आपल्याकडे गळती इथेच असते.

शेतीपंपाला थ्री फेज लाइट आठ तास मिळते, आठवड्यानं दिवसा-रात्रीच्या पाळ्या बदलतात. रात्री दोनला उठून बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जाण्यापेक्षा लोकांनी मोबाईल स्टार्टर बसवले. डब्यात एक सिमकार्ड. लाइट आली की डबा आपल्याला फोन करतो किंवा मेसेज टाकतो. आपण खाटेवरून फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. केळीवाल्यांचं तर याच्याशिवाय पानही हलत नाही.

या कार्डाला किती बोलायचं असतं? काहीच नाही. काही डबे रिंग वाजली की काम करतात, कॉल उचलतही नाहीत. तरी त्याला अनलिमिटेड पॅक मारावा लागतो, कारण व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग बंद होतं, आणि मोटार मुकी होते. न बोलणाऱ्या कार्डासाठी वेगळा स्वस्त दर का नाही, हा माझा जुना राग आहे. पूर्वी 'लाइफटाइम' कार्ड असायचं, दहा रुपये टाकले की वर्ष-वर्ष चालायचं. २०१८ च्या अखेरीस ३५ रुपयांचं महिन्याचं किमान रिचार्ज आलं आणि ते युग संपलं. त्या ३५ चे पुढे किती झाले ते वर पाहिलंच.

मग करायचं काय? तीन गोष्टी.

डबा जुना असेल तर तो बहुधा २जी वर चालतो. जिओकडे २जी नाहीच, म्हणून "जिओ स्वस्त पडतंय" म्हणून त्यात जिओचं कार्ड घातलं तर डबा गप्प बसतो. गेल्या वर्षी एकानं माझ्याकडून नवं जिओचं कार्ड नेलं, वर पॅकही मारला, आणि दुसऱ्या दिवशी डबा जळाला म्हणून मेकॅनिकला घेऊन आला. डबा ठणठणीत होता. जुन्या डब्याला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल, यातलं विहिरीवर ज्याचं नेटवर्क येतं ते घाला.

दुसरी गोष्ट, बीएसएनएलचे लांब मुदतीचे पॅक एकदा विचारून बघा. खिशातल्या फोनसाठी बीएसएनएल घ्यावं की नाही यावर वाद होतील. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी स्वदेशी ४जी सुरू केलं, पण टॉवर गावोगाव सारखा नाही. स्टार्टरला मात्र नुसती रिंग पोहोचली की झालं.

तिसरी गोष्ट हंगामाची. बागायती केळी असेल तर कार्ड बाराही महिने लागतं. पण नुसती कपाशी आणि थोडा हरभरा असेल, आणि मार्चनंतर विहिरीला पाणीच नसेल, तर एप्रिल-मेचे पैसे कशाला भरायचे? पॅक संपू द्या. मात्र ९० दिवस मोजा. वापर नाही म्हणून ९० दिवसांच्या आत प्रीपेड नंबर कायमचा बंद करता येत नाही, असा ट्रायचा नियम आहे. पुढेही खात्यात निदान २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस नंबर राखला जातो. लक्षात घ्या, हा नियम नंबर वाचवण्यासाठी आहे, मोटार चालवण्यासाठी नाही. त्या काळात डबा चालेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि पहिल्या पावसाआधी रिचार्ज मारायला विसरू नका.

सहावी पायरी: विसरलेली कार्डं

सहाव्या कार्डाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. "बँकेला जोडलेलं" म्हणून ते वर्षानुवर्षं पोसलं जात होतं. मुलाला म्हटलं, बँकेत जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज दे. दोन चकरा झाल्या, पण काम झालं. आधार, गॅस, मुलांची शाळा, पीकविमा, जिथे-जिथे तो नंबर दिलेला होता तिथे नवा नोंदवला आणि मगच कार्ड सोडलं. हा क्रम उलटा करू नका. बंद झालेला नंबर काही दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, आणि तुमचे ओटीपी त्याच्या खिशात वाजायला लागतात.

सातवी पायरी: २८ दिवस की लांबचा पॅक

महिना म्हणून २८ दिवसांचा पॅक मारला की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. २९९ चे तेरा म्हणजे ३८८७. तेच वर्षाचा घेतला तर ३५९९. फरक २८८ रुपयांचा, आणि दर महिन्याला "नेट गेलं, इनकमिंग गेलं" ही ओरड नाही. २०२२ पासून प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक ठेवावा लागतो, तोही विचारता येतो.

पण साडेतीन हजार एकदम कोण काढणार? पेरणीच्या तोंडावर तर नाहीच. आमच्याकडे वर्षाची रिचार्जं होतात ती दिवाळीनंतर, कापसाचा पहिला पैसा हातात आल्यावर. नोकरदारांचं गणित वेगळं. मजुरी करणाऱ्याला वर्षाचा पॅक सांगणं म्हणजे थट्टा आहे, त्याच्यासाठी ८४ दिवसांचा मधला मार्ग ठीक.

वर्षाचा घेण्याआधी एक बघा, तुम्हाला पुढे कंपनी बदलायची आहे का. पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की उरलेले दिवस बुडतात, नव्या कंपनीत ते येत नाहीत. सातपुड्याच्या कुशीत, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, तर आधी कुठलं नेटवर्क येतं ते पाहायचं आणि पॅकची किंमत मागाहून. रेंजसाठी टेकडीवर चढायला लागत असेल तर अनलिमिटेडचं काय लोणचं घालायचंय? पोर्टसाठी PORT ऐवजी दुसरं काही लिहू नका: इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० ला मेसेज. आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात. पॅक संपत आलेला असताना करा, म्हणजे नुकसान नाही.

अनलिमिटेडमध्ये काय येत नाही

परदेशातले कॉल येत नाहीत. १८०० नं सुरू होणारे नंबर फुकट असतात, १८६० वाले टोल-फ्री नाहीत, त्यांच्यावर बँकेची वाट बघत अर्धा तास थांबू नका. एसएमएस बहुतेक पॅकांत दिवसाला १०० असतात, लांबच्या बिननेट पॅकांत मात्र सगळ्या मुदतीसाठी मिळून ठरावीक आकडा असतो. आणि हा पॅक घरगुती वापरासाठी आहे, त्यावर जाहिरातीचे फोन लावत बसलात तर कंपनी अडवू शकते.

रिचार्ज स्वतः मोबाईलवरून करत असाल तर नंबर दोनदा वाचा. मी दुकानदार असून माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे टाकले होते. सहाशेच्या वर रक्कम कुणा अनोळखी माणसाच्या कार्डात गेली. फोन करून विनंती केली तर तो म्हणाला, "देव तुमचं भलं करो," आणि ठेवून दिला. निदान त्याला अनलिमिटेड होतं.

त्या घराचं पुढे काय झालं

सात कार्डं, प्रत्येकी २९९, वर्षात तेरा वेळा. गुणाकार केला तर २७,२०९ रुपये. आकडा ऐकून जिभाऊंनी तंबाखू मळायची थांबवली.

मग नवी मांडणी केली. जिभाऊ, माय आणि विहीर, तिघांना बिननेटचा वर्षाचा, १८४९ प्रमाणे ५५४७. मुलगा, सून आणि होस्टेलवरचा नातू, तिघांना नेटचा वर्षाचा, ३५९९ प्रमाणे १०,७९७. बँकेचं कार्ड बंद. बेरीज १६,३४४. वाचले १०,८६५. बीटी कपाशीचं पाकीट २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयांना होतं, त्या भावानं बारा पाकिटं. आणि घरातलं कुणीही एक मिनिट कमी बोललं नाही. सून मात्र म्हणाली की सासूबाईंच्या फोनवर नेट नसलं तरी चालेल, पण माझ्या रोजच्या जीबीला हात लावायचा नाही. बरोबरच आहे, तिचं नेट वाया जात नव्हतं.

आता त्या आजीचं. तीनशे रुपये नेटवाल्या पॅकवर घालवू नकोस म्हणून तिला ८४ दिवसांचा बिननेटचा ४६९ चा सांगितला. ४६९ ऐकून तिनं फोन परत पिशवीत टाकायला घेतला. मी कागदावर दिवस मांडून दाखवले: १५ मार्चला मारलं तर ६ जूनपर्यंत चालेल, २९९ वाला १२ एप्रिललाच बंद पडेल. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "जूनमा पेरनी ऱ्हास. तवय पैसा कोठून लयसू?"

८४ दिवस म्हणजे बरोबर बारा आठवडे, बारा बाजार. दर बाजाराला चाळीस रुपये बाजूला पडले तर ४८० होतात. तिला म्हटलं, माझ्याकडेच ठेवत जा, वहीत लिहितो. फोनच्या पाठीला चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं ६ जून लिहिलं. पुढच्या बाजारी ती आली, वांगी विकून झाली होती, चाळीस दिले आणि वहीत नाव बरोबर लिहिलंय का ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं.